बेटावर ‘कोण?’ विचारत नाहीत

मागच्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं दुसरं यंत्र बसलं. पहिलं चांगलं चालू होतं. झालं एवढंच की दुपारी बेल वाजली, मी पेपर बाजूला ठेवून दार उघडलं आणि सवयीनं म्हणालो, “या.” तो पोरगा आला. त्यानं पिशवी उघडली, भिंत ठोकून पाहिली आणि भोक पाडायला सुरुवात केली. मला वाटलं, मंदानं बोलावला असेल. मी त्याला चहा दिला, वर त्याच्या मशिनची वायर पुरेना म्हणून शेजारून बोर्ड मागून आणला. संध्याकाळी मंदा बाजारातून आली आणि भिंतीवर जुळ्या भावांसारखी टांगलेली ती दोन यंत्रं पाहून पिशवी तशीच हातात धरून उभी राहिली. “दार उघडायच्या आधी ‘कोन हाय’ म्हनून इचारायला तुमच्या जिभेला फोड येतेत का हो?” मंदा माझी बायको. पैनगंगेच्या पल्याडची, हदगावकडची. तीस वर्षं उमरखेडात काढली तरी तिची बोली तिकडचीच राहिली आणि रागावली की ती जास्तच तिकडची होते. मी म्हणालो, “आमच्या घरात तसं विचारत नाहीत.” “कामून?” तीस वर्षांत हा प्रश्न तिनं पुष्कळदा विचारला आहे आणि मी तो पुष्कळदा हसण्यावारी नेला आहे. या वेळी भिंतीला भोक पडलेलं होतं. तेव्हा लिहून टाकतो.

आमचं घर बेटावर होतं असं सांगितलं की ऐकणाऱ्याला नारळाची झाडं दिसायला लागतात. आमचं बेट म्हणजे पैनगंगेच्या मधोमध उठलेला काळ्या मातीचा आणि रेतीचा उंचवटा. पेटवलेली बिडी विझायच्या आत त्याला फेरी व्हायची. कडेनं कहूची, म्हणजे अर्जुनाची, उंच झाडं, मध्ये कुडाच्या भिंतींचं आणि टिनाच्या छपराचं घर, पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर टरबुजाच्या वेली. उत्तरेची धार खोल, तिथं डोंगा लागायचा. दक्षिणेकडे खडकाळ उतार. पाणी कमी असलं की दगडांवरून पाय टाकत पल्याड जाता यायचं. अल्याड वऱ्हाड, पल्याड एके काळची निजामाची हद्द. आमची माणसं तिला ‘मोगलाई’ म्हणत आणि निजाम गेल्यावरही म्हणत राहिली. त्या उताराच्या खडकांवर पाणी फुटायचं त्याचा आवाज घरात रात्रंदिवस असायचा. तो इतका अंगवळणी पडला होता की पुसदला कॉलेजच्या खोलीवर पहिल्यांदा झोपलो तेव्हा शांततेनं मला झोप येईना. अभ्यास न होण्याचं कारण म्हणून मी बाबांना हेच सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

घरात आबाजी, बाबा, माय आणि मी. आबाजी म्हणजे माझे आजोबा. उंच, वाळलेले, फारच कमी बोलणारे. त्यांचा घरात एकच कायदा होता. कोणत्याही काठावरून हाक आली की ‘येऽऽ’ म्हणायचं. ‘कोण?’ म्हणून विचारायचं नाही. “कोण हाये ते आल्यावर दिसते,” एवढं म्हणून ते गप्प. या कायद्यापायी आमच्याकडे काय काय आलं! निवडणुकीला उभे राहिलेले एकमेकांचे वैरी एकाच वेळी येऊन एकाच बाजेवर बसले. एकदा रस्ता चुकलेलं अख्खं लग्नाचं वऱ्हाड आलं, मायनं पिठलं घोटता घोटता नवरीच्या बापाला विचारलं, “तुमी नेमके कोणाच्या घरचे जी?” तेही जेवायला वाढल्यानंतर.

घराच्या आढ्याला एक जुना भाला टांगलेला होता. मायनं त्याला लसणाच्या जुड्या बांधल्या होत्या. आणि गावात, शाळेच्या बाजूला, आबाजींच्या धाकट्या भावाच्या, सीतारामच्या, स्मारकाचा ओटा होता. निजामाच्या बाजूचे बंदूकवाले नदी ओलांडून यायचे त्या धामधुमीत सीताराम उतारावर गोळी लागून मेला, ही गोष्ट गावाला पाठ होती. झेंड्याच्या दिवशी ओट्याला हार पडायचा, पोरांना लाडू मिळायचे आणि मी दरवर्षी भाषण करायचो. ‘माझ्या चुलत आजोबांनी छातीवर गोळी झेलली’ या वाक्याला मी छातीवर हात मारायचो. एकदा तर इतक्या जोरात मारला की खोकला आला. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. आबाजी त्या कार्यक्रमाला कधी आले नाहीत. लोक म्हणत, म्हाताऱ्याला भावाचं दुःख अजून सोसत नाही.

सीतारामच्या बायकोचं माहेर पल्याडचं. ती तान्ह्या नामाला घेऊन तिकडेच राहिली, तिकडेच वारली. नामाकाका मामाच्या घरी वाढला, त्याला दोन पोरं झाली, आणि मी एकोणीस वर्षांचा असताना तो अर्धं बेट मागायला आला. बाबा म्हणाले, “बेट काय तुह्या मामानं आंदण देल्लं हाये?” नामाकाका म्हणाला, “माज्या बापाचं रक्त सांडलंय हितं. तुमच्या बापाचा घाम तरी सांडला का?” हे वर्षभर चाललं. मग एका दुपारी नामाकाकाचा धाकटा गजानन उतारावरून आला आणि आमची टरबुजं पोत्यात भरायला लागला. बाबांनी डोंग्याचं वल्हं उचललं आणि त्याच्या हातावर घातलं. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. गजानन ओरडला नाही, आधी स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला. तो नको तिथं वाकलेला होता. मग तो हात पोटाशी धरून उतारावरून परत गेला. पोतं तिथंच पडलेलं. माय चुलीजवळून म्हणाली, “आता ते येतीन.”

मी तेव्हा घरीच होतो. बारावीला इंग्रजीनं मला आडवं केलं होतं. रोज सकाळी जोर काढायचो आणि आपण मोठे मल्ल आहोत अशी समजूत होती, कारण बेटावर माझ्याशी कुस्ती खेळायला दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी आढ्याचा भाला काढला, लसणाच्या जुड्या सोडून मायच्या पदरात टाकल्या आणि भाला माझ्या हातात दिला. “पहाटे उताराशी उभा राह्यजो. मी शेराच्या झुडपाआड राह्यतो. कोणी पाण्यातून वर चढाले लागला, तं पाह्यत नोको बसू.” बाबांच्या हातात कुऱ्हाड होती. आबाजींना कोणी काही सांगितलं नाही. त्यांना सांगायचं नसतं, त्यांना कळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तोडणीचे रोडगे होते. डोकी फुटोत नाहीतर राहोत, पहिल्या टरबुजाचा नैवेद्य चुकवायचा नाही म्हणून मायनं फटफटायच्या आधीच गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे गोळे त्यात लोटले आणि वांगी चिरायला बसली. आबाजी त्या निखाऱ्यांच्या आराशी शेकत होते. नदीवर धुई इतकी दाट होती की मला माझ्याच भाल्याचं टोक दिसत नव्हतं. भाल्याला लसणाचा वास येत होता. आज त्या सकाळची आठवण काढली की भीती, शौर्य वगैरे काही आठवत नाही, लसूण आठवतो. डॉक्टर सांगतात लसूण खात जा, रक्तदाबाला बरा. माझा वासानंच चढतो.

उजेड नीट फुटला नव्हता तोच पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. एक नव्हे, पुष्कळ पाय. धुईत एक काळा डाग झाला, त्याला खांदे फुटले, खांद्यावर कुऱ्हाड दिसली. आणि मी घरचा कायदा विसरलो. बेंबीच्या देठापासून ओरडलो, “कोण हाये बे?”

“कोन म्हंजे?” पाण्यातून नामाकाकाचा आवाज आला. “यायलो की! तुझा काका यायलो! हान, दम असंल तर!”

मी भाला मागे ओढला. खरंच मारणार होतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण हात मागे गेला होता, आणि तो पुढे यायच्या आत बाजूनं एक हात आला आणि त्यानं भाल्याचं पातं मुठीत धरलं. मी हिसका दिला. पातं त्या मुठीतून सरकलं तेव्हा ओल्या दोरावरून सुरी फिरवावी तसं मला लाकडातून जाणवलं. आबाजी होते. मूठ सोडत नव्हते. त्यांच्या मनगटावरून रक्त कोपरापर्यंत येऊन माझ्या पायावर टपकत होतं. तेवढ्यात झुडपाआडून बाबा धावले आणि नामाकाकाच्या थोरल्या पोराच्या, दिगंबरच्या, गुडघ्यावर कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागचा बोथट भाग, बसला. दिगंबर पाण्यात कोसळला. कोसळता कोसळता त्यानं स्वतःची कुऱ्हाड फिरवली. बाबांनी हात आडवा केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उडालं. मी ते उडताना पाहिलं. पाणी काठाला लालसर झालं आणि लगेच धारेनं ते धुऊन नेलं, जसं काही झालंच नाही. बाबांनी दुसऱ्या हातात कुऱ्हाड घेतली. नामाकाकानं स्वतःची वर उचलली.

आबाजी त्या दोघांच्या मधे पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात, एका हातानं भाला धरून. मी त्यांचा मोठा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“नामा, तुहा बाप गोळीनं नाही मेला. या भाल्यानं मेला. म्या मारला.”

खडकांवरचं पाणी तेवढं वाजत होतं.

मग ते तिथंच उभं राहून बोलले. आयुष्यभराचं न बोललेलं एकदम आल्यासारखं, पण तुटक. त्या सालात एका दुपारी बंदूकवाले उतारावरून आले. त्यांनी कडब्याच्या गंज्या पेटवल्या, गोठ्यातले बैल पाण्यात नेऊन तोडले आणि आबाजींच्या बापाला बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं, पार ओळखू येईना तोपर्यंत. आबाजी ज्वारीत पालथे पडून ते पाहत होते. त्यानंतर उतारावर पहारा बसला. पल्याडून जीव घेऊन पळणारेही यायचे आणि मारणारेही. धुईत ओळखायचं कसं? युक्ती आबाजींनीच काढली. हाक आली की विचारायचं, ‘काय करून राह्यला?’ आपल्या काठचा माणूस ‘येऊन राह्यलो’ म्हणेल. मोगलाईतला जिभेनं पकडला जाईल. गावानं आबाजींच्या अकलेची तारीफ केली होती.

“तू अन् तुही माय त्या काठाले, झाडाआड होते,” आबाजी नामाकाकाला सांगत होते. “उतार मोकळा हाये का, ते पाह्याले तो एकटा पुढे आल्ता. थंडी होती. वाटेत मेलेल्या कोण्या बंदूकवाल्याचा खाकी कोट अंगात घातल्ता त्यानं. म्या धुईत कोट पाह्यला. इचारलं, काय करून राह्यला? तो दोन वर्सं सासरवाडीले राह्यल्ता नामा, जीभ तिकडची झाल्ती. म्हणे, ‘यायलो, दादा.’” त्यांनी श्वास घेतला. “मले ‘यायलो’ ऐकू आलं. ‘दादा’ ऐकू येईपर्यंत भाला गेल्ता.”

नामाकाकाची कुऱ्हाड हळूहळू खाली आली होती. तो म्हणाला, “माय मरेस्तोवर म्हनायची, मी बार ऐकलाच न्हाई. सगळे म्हनायचे, पान्याचा आवाज होता म्हनून ऐकू आला नसंल.”

“बार नव्हताच,” आबाजी म्हणाले आणि भाला त्याच्यापुढे धरला. “घे. तुह्या हक्काचा हाये. बेटाचं मागून पाहू.”

बाबा पुढे सरकले. आबाजी मागे न पाहता म्हणाले, “जागचा हालू नोको.” बाबा हलले नाहीत. उरलेल्या बोटांनी तुटलेल्या बोटांची जागा आवळून उभे राहिले. माय काठावर आली होती, तिच्या हातात चिरायचं वांगं तसंच होतं. नामाकाकानं भाला घेतला. टोक आबाजींच्या छातीकडे वळवलं. मी डोळे मिटले नाहीत, मिटता आले नाहीत. मग त्यानं भाला हातात फिरवला आणि दांड्यानं मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, दंडावर. आबाजींच्या गळ्याखालचं हाड मोडलं ते आम्हाला ऐकू आलं. ते गुडघ्यावर बसले, पण हात आडवा केला नाही, ओरडले नाहीत. नामाकाका मारत होता आणि रडत होता आणि शिव्या देत होता, त्यातल्या अर्ध्या शिव्या आपल्या मेलेल्या बापाला होत्या. दांडा मधोमध मोडला तेव्हाच थांबला. मग तोही पाण्यात बसला. दोघं समोरासमोर, छातीपर्यंत भिजलेले.

नामाकाकानं विचारलं, “आजून काय म्हनला का? सेवटाला?”

“नाही. बस तेवढंच.”

“दादा म्हनला?”

“दादा म्हणला.”

घरात डोंगा एकच. त्यामुळे ज्यांनी एकमेकांना फोडलं होतं ते सगळे एकाच डोंग्यात बसले. वल्हं मी मारत होतो; तेच वल्हं, ज्यानं आदल्या दिवशी गजाननचा हात मोडला होता. गावातून ट्रॅक्टरवर टाकून सगळ्यांना उमरखेडला नेलं. डॉक्टरनं बाबांचा हात पाहून विचारलं, “हे कसं झालं?” बाबा म्हणाले, “टरबूज कापत होतो.” दिगंबरनं गुडघ्याचं सांगितलं, “टरबूज पडलं.” आबाजींच्या चिरलेल्या मुठीकडे, मोडलेल्या हाडाकडे आणि पाठीवरच्या वळांकडे डॉक्टरनं नुसतं पाहिलं. आबाजी म्हणाले, “टरबूजच जी.” डॉक्टरनं सगळ्यांच्या तोंडाकडे एकेकदा पाहिलं. “एवढी मोठी टरबुजं लावत जाऊ नका,” तो म्हणाला आणि टाके घालायला बसला. दुपारी माय फडक्यात रोडगे बांधून घेऊन आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांना वाढले. नामाकाकानं एक तुकडा मोडला. “करपलेत, वहिनी.” माय म्हणाली, “भांडाले येण्याच्या ऐवजी जेवाले आले असते तं नसते करपले.” तो हसला नाही, पण खाल्ला. आबाजींना डाव्या हातानं मोडता येईना, म्हणून त्यांचा रोडगा त्यानंच कुस्करून दिला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

उताराच्या अंगची अर्धी जमीन नामाकाकाकडे गेली. तिथं त्यानं आमच्यापेक्षा गोड टरबुजं पिकवली, हे बाबांना शेवटपर्यंत सहन झालं नाही. ओट्याचं काय करायचं असा प्रश्न निघाला तेव्हा नामाकाकाच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. पोरांना लाडू भेटतेत.” मी मात्र पुन्हा तिथं भाषण केलं नाही. मोडक्या भाल्याचं पातं आबाजींनी डोहात टाकलं. त्यांची उजवी मूठ पुढे कधी पूर्ण मिटली नाही; पेला धरायचा तर दोन्ही हातांनी धरत. आता वर धरण झालंय, पूल झालाय, बेटावर कोणी राहत नाही. मी उमरखेडात दुसऱ्या मजल्यावर राहतो. आणि बेल वाजली की माझ्या तोंडून ‘या’ निघतं.

माझं लग्न जमवलं नामाकाकानंच. मंदा त्याच्या गल्लीतली. वरात उन्हाळ्यात उतारावरूनच आली, नवरीसकट सगळे पायी. आबाजी बेटाच्या काठाला पाण्यात उभे होते असं अंधुक आठवतं. मला बाकी काही आठवत नाही, कारण मुंडावळ्या तोंडात येत होत्या आणि माझं सगळं लक्ष नव्या बुटांवर होतं.

ही पानं मी मंदाला वाचायला दिली. माझ्या वेलांट्या तीच तपासते. तिनं ती त्या दोन यंत्रांखाली उभी राहून वाचली, शेवटचं पान परत वाचलं. वेलांटी एकही दुरुस्त केली नाही. मग म्हणाली,

“तुमी मागं बुटं हातात घेऊन दगडं बघायलाते. मी पुढं होते. म्हाताऱ्यानं इचारलं, ‘काय करून राह्यली, पोरी?’ मी म्हनलं, ‘यायले, आबाजी.’ तर हात पुढं करून म्हनले, परत म्हन. परत म्हनलं. तर म्हनले, आजून एकदा. मला वाटलं, सगळ्या वरातीसमोर म्हातारा माज्या बोलीची टिंगल करायलाय. लई राग आला मला. म्हनून मग मी मुद्दाम मोठ्यांदा म्हनलं, पल्याडच्या काठाला ऐकू जाईल इतकं.”